कच्चे गाजर गोड लागावे म्हणून

एकाच वाट्यातली दोन गाजरे चावून बघावीत. एक गोड, रसाळ लागते. दुसरे उग्र असते, घशाशी टर्पेंटाइनसारखा वास येतो आणि शेवटी जिभेवर कडवटपणा राहतो. शिजवताना वेलची, तूप आणि साखर मिळून हा फरक झाकतात, कोशिंबिरीत मात्र तो लपत नाही.

गाजरात साखर असते, तशी टर्पीन नावाची उडून जाणारी सुगंधी द्रव्येही असतात. गाजराला गाजराचा वास या द्रव्यांमुळेच येतो, त्यामुळे ती थोडी हवीतच. ती वाढली की साखर भरपूर असूनही गोडवा जाणवत नाही. गरम हवेत वाढलेल्या गाजरात टर्पीन जास्त असतात, तर थंड रात्रींत वाढलेल्या गाजरात गोडवा पुढे येतो. संक्रांतीच्या सुगडात ऊस-बोरांबरोबर गाजराचे तुकडे असतात, तेव्हा ते वर्षातल्या सर्वांत चवदार दिवसांत असते. कच्चे खायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा.

रंगावरून गोडी ठरवू नका. लाल रंग लायकोपिनचा, नारिंगी बीटा-कॅरोटीनचा, काळा-जांभळा अँथोसायनिनचा. त्यांचा साखरेशी थेट संबंध नाही. जात मात्र महत्त्वाची. पुसा केसर, पुसा रुधिरा या लाल जाती थंडीच्या हंगामाच्या आहेत. नारिंगी नॅन्टीस बोथट टोकाची, सरळसोट आणि बारीक गाभ्याची असते, म्हणून कच्ची खायला ती फार चांगली.

बाजारात आधी डोक्याकडचा भाग बघा. तिथे हिरवी छटा असेल तर ते गाजर मातीबाहेर उघडे पडून उन्हात राहिले आहे. हिरवा भाग उग्र-कडू लागतो; घेतलेच तर तेवढा कापून टाका. मग जाडी बघा. मध्यम जाडीचे, साधारण अंगठ्याएवढे किंवा थोडे जास्त, बरे. फार जाड गाजर बहुधा काढायला उशीर झालेले असते आणि त्याचा गाभा लाकडासारखा निघतो. अंगावर पांढरी केसाळ मुळे फुटलेली किंवा डोक्यातून नवे कोंब आलेले गाजर कोशिंबिरीला घेऊ नका, कारण साखर त्या वाढीत खर्च होत असते. वाकवल्यावर लवचिक लागणारे गाजर पाणी गमावून बसलेले असते. पाला असेल तर तो ताजा, टवटवीत हवा, पण घरी आणल्याबरोबर एक-दोन सेंटीमीटर देठ ठेवून कापून टाका. पाला गाजरातले पाणी ओढत राहतो.

चांगले गाजर बिघडते ते बहुतेक वेळा घरात, फ्रिजच्या खालच्या खणात. सफरचंद, केळी, टोमॅटो, चिकू पिकताना इथिलीन वायू सोडतात. त्याच्या सहवासात गाजर आयसोकूमारिन हे कडू द्रव्य तयार करते. ते सालीकडे जास्त असते, म्हणून सोलल्याने कडवटपणा कमी होतो, पण पूर्ण जाईलच असे नाही. चार दिवसांपूर्वी गोड असलेले गाजर आज कडू लागले, तर आधी त्याच्या शेजारी काय ठेवले होते ते बघा. गाजरे न धुता, ओलसर सुती कापडात गुंडाळून, भोके पाडलेल्या पिशवीत, फळांपासून लांब ठेवा. भोके नसतील तर आत पाणी सुटते आणि गाजरे बुळबुळीत होतात. कापड सुकले की पुन्हा ओलसर करा.

मऊ पडलेली गाजरे सोलून बर्फाच्या पाण्यात अर्धा ते एक तास ठेवली की कुरकुरीतपणा परत येतो. गोडी परत येत नाही.

कापण्याआधी टोकाचा आणि डोक्याचा एकेक तुकडा चावून बघा. डोक्याकडचा भाग बहुधा जास्त उग्र असतो. फॅल्कॅरिनडायॉल हे दुसरे कडू द्रव्य सालीत साठते. कोवळे गाजर नुसते घासून धुतले तरी चालते, जून असेल तर पातळ सोला. गाभा जाड आणि कडक असेल तर गाजर उभे चिरून तो काढा आणि बाहेरचा भागच किसा. हे काम कंटाळवाणे आहे, पण कोशिंबिरीची चव इथेच सुधारते.

पाव किलो गाजराला दोन मोठे चमचे दाण्याचे कूट, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, कोथिंबीर आणि दोन लहान चमचे तेलात मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी पुरे. जाड किसणी वापरा; बारीक किसाचा चोथा होतो आणि रस खाली साचतो. गाजरे फ्रिजमधून पंधरा-वीस मिनिटे आधी काढा, अति थंड असताना गोडी जिभेला कमी कळते. मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर पाणी सुटते. साखर चव बघूनच. चांगल्या गाजराला ती लागत नाही.

घरी लावायची असतील तर भुसभुशीत मातीत, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात, बी एक सेंटीमीटर खोल पेरा. ताजे शेण घालू नका, मुळांना फाटे फुटतात. विरळणी करून दोन रोपांत पाच-सात सेंटीमीटर अंतर ठेवा आणि डोके उघडे दिसले की मातीची भर द्या. पाणी नियमित द्या. कोरड पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिले तर गाजरे तडकतात.