टोल्युइनचा ड्रम उघडायच्या आधी

सॉल्व्हंट प्लांटला नवीन लागलेल्या पोरांसाठी लिहितोय, पण जुन्यांनी पण वाचा, कारण वासाची सवय जुन्यांनाच जास्त झालेली असते.

आधी एक समजून घ्या, लिक्विड पेटत नाही, त्याच्यावरची वाफ पेटते. टोल्युइनचा (थिनरमध्ये असतं ते सॉल्व्हंट) फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ निघायला लागते ते, 4 डिग्रीच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे डिसेंबरच्या थर्ड शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला पण पेटण्याइतकी वाफ निघतच असते. हवेत साधारण 1.2 ते 7 टक्के वाफ असली की ती पेट घेते आणि आपल्या हवामानात अर्ध्या ड्रमच्या आत नेमकी तेवढीच वाफ भरलेली असते. शिवाय ती हवेपेक्षा तिप्पट जड, वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत गटारात नाहीतर पंपाच्या खड्ड्यात जाऊन बसते, म्हणून वेल्डिंग तर पार तिकडं चाललंय असं म्हणून सोडून देऊ नका.

आता ठिणगी. लोक बिडी, मोबाईल एवढंच बघतात, पण टोल्युइन नुसतं ओतलं तरी स्टॅटिक, म्हणजे घर्षणाची वीज तयार होते. त्यासाठी ड्रम आणि ज्यात ओततोय ते भांडं वायरने एकमेकांना जोडायचं आणि मग अर्थिंगला जोडायचं. आमच्याकडे क्लिप रोज लावायचे, मी पण लावायचो, एक दिवस सेफ्टीवाल्या साहेबांनी मल्टिमीटर लावून दाखवला तर कंटिन्युइटीच नाही, म्हणजे वीज जायला सलग रस्ताच नाही, क्लिप नुसती ड्रमच्या रंगावर बसलेली! किती महिने तसंच काम केलं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तेव्हा कडेचा रंग खरवडा, क्लिपचे दात उघड्या पत्र्यात रुतले पाहिजेत. क्लिप ड्रमचं बूच उघडायच्या आधी लावायची आणि बूच बंद झाल्यावरच काढायची, उघड्या वाफेत क्लिप काढताना पण ठिणगी पडू शकते.

प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचं नरसाळं सॉल्व्हंटला अजिबात नको, त्यांना अर्थिंग करताच येत नाही. पाइप भांड्याच्या तळापर्यंत सोडा, वरून धार धरू नका. आणि लवकर उरकायचं म्हणून ड्रमला कॉम्प्रेस्ड एअर लावून माल ढकलायचा प्रकार अजून बऱ्याच ठिकाणी चालतो तो बंद करा, ड्रम दाबासाठी बनवलेलाच नसतो आणि वरून तुम्ही आत हवा घालताय.

आता विषारी गॅस. इथं नाकावर भरवसा ठेवू नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) पुढं नाक बधिर होतं, वास गेला म्हणून माणूस पुढं जातो आणि गॅस तर वाढलेला असतो.

टाकीत, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) सम्पमध्ये, म्हणजे पाणी साठायच्या खड्ड्यात उतरायचं असेल तर आत जायच्या परमिटवर नुसती सही पुरत नाही, गॅस मोजायचा मीटर दोरीने वर, मध्ये, तळाला असं तिन्ही ठिकाणी सोडून बघा. ऑक्सिजन किमान 19.5 टक्के पाहिजे. कार्ट्रिजचा मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन देत नाही. आणि आत कोणी पडला तर हात जोडून सांगतो, मागून उडी मारू नका, दोन-दोन तीन-तीन जण असेच जातात, एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. म्हणून हार्नेस आणि दोरी उतरतानाच लावलेली असली पाहिजे, वरचा माणूस हलायचा नाही, त्याने वरूनच ओढायचं आणि बीए सेट (हवेच्या सिलिंडरचा श्वसनसंच) घातल्याशिवाय आत कोणी जायचं नाही. गळती झाली तर विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) बघा, आधी वाऱ्याला आडवं जा आणि मग वारा येतोय त्या बाजूला निघा.

अंगावर केमिकल उडालं तर लाजू नका, कपडे काढा आणि निदान 15 मिनिटं शॉवरखाली थांबा. तो शॉवर चालतो का हे शिफ्ट सुरू होताना स्वतः ओढून बघा, मे महिन्यात दुपारी उन्हातल्या पाइपातून कढत पाणी येतं, तसं असेल तर लगेच लॉगबुकात लिहा.