फोंड्याच्या स्वयंपाकघरातलं पुटीन

गोव्यात संध्याकाळी गाड्यावर उभं राहून रस-आमलेट खाणाऱ्या माणसाला पुटीन समजावून सांगावं लागत नाही. आमलेटवर शागुतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या मसालेदार कालवणाचा, कढत रस ओततात, तसाच इथे तळलेल्या बटाट्यांवर रस्सा ओततात आणि मध्ये ताज्या चीजचे गोळे असतात. पदार्थ कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला. मॉन्ट्रियलला नणंदेकडे राहिले तेव्हा खाल्ला आणि परत आल्यापासून फोंड्याला घरी करते. माझं म्हणणं एवढंच की वर काय घालायचं याची चर्चा सगळ्यात शेवटी करावी. बटाटा, चीज आणि रस्सा या तिघांचं जमलं नाही, तर वर कितीही चांगलं काही घाला, बशीत लगदाच उरतो.

चार जणांना एक किलो बटाटे, ३०० ग्रॅम चीज आणि ६०० मिली रस्सा पुरतो.

सगळ्यात अवघड भाग चीजचा, म्हणून त्यावर जास्त बोलते. क्वेबेकमध्ये वॉरविकचे फर्नांड लाशान्स १९५७ साली आणि ड्रमंडविलचे जाँ-पॉल रॉय १९६४ साली, असे दोघांच्या नावाने पुटीन पहिल्यांदा केल्याचे दावे आहेत. दोन्ही गावं दूधदुभत्याच्या मुलखातली, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. तिथे त्याच दिवशी केलेले चेडर चीजचे कच्चे गोळे सहज मिळत. ते चावताना दातांवर घासून बारीक आवाज करतात. दुधातल्या प्रथिनांची कॅल्शियमने बांधलेली जाळी घट्ट असते तोवरच हा आवाज येतो. एक-दोन दिवसांत जाळी सैल पडते आणि आवाजही जातो.

आपल्याकडे ते करायचं तर तीन लिटर पिशवीतलं फुल क्रीम दूध घ्या. टेट्रापॅकचं दूध नको, ते इतकं तापवलेलं असतं की नीट घट्ट जमत नाही. दूध ३२ अंशांवर आणा. मे महिन्यात आमच्या ओट्यावर पातेलं त्या तापमानाला आपोआपच राहतं, पावसाळ्यात मात्र कोमट पाण्यात ठेवावं लागतं. तीन मोठे चमचे ताजं, आंबट न झालेलं दही फेटून घाला आणि पाऊण तास थांबा. मग गार पाण्यात मिसळलेलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट जमवणारं विरजण, घाला. प्रमाण पाकिटावरचंच धरा आणि घरात शाकाहारी मंडळी असतील तर हिरवा ठिपका पाहून आणा, आमच्या सासूबाई तो पाहिल्याशिवाय हात लावत नाहीत. पुन्हा पाऊण तास पातेलं हलवायचं नाही. सुरी घातली की स्वच्छ चीर पडली पाहिजे. एक सेंटीमीटरच्या वड्या कापा, पाच मिनिटं थांबा, आणि हलक्या हाताने ढवळत अर्ध्या तासात ३९ अंशांपर्यंत न्या. घाई केली तर वड्यांवर बाहेरून कातडी धरते आणि आत पाणी राहतं. अर्धा तास त्याच तापमानाला ठेवून निवळी गाळा. उरलेला थर उबेत ठेवा, दर पंधरा मिनिटांनी उलटा, तासाभरात तो गुळगुळीत, चिवट होतो. तो हाताने बोटाच्या पेराएवढा तोडा आणि मीठ चोळा. निवळी टाकू नका, पोळ्यांची कणीक तिच्यात सुरेख भिजते.

एवढा वेळ नसेल तर मोझरेलाचा ठोकळा आणून हाताने तोडा. किसलेलं नको, ते क्षणात वितळून तार धरतं. पनीर तर मुळीच नको. ते आंबट घालून फाडलेलं असतं, कितीही कढत रस्सा ओता, ते मऊ पडेल पण वितळणार नाही. इथे आपल्याला कडेने वितळणारं आणि मधे गोळा राहणारं चीज हवं. म्हणून फ्रीजमधून तासभर आधी काढून ठेवा.

रस्सा. ६० ग्रॅम लोण्यात ४० ग्रॅम मैदा मंद आचेवर गडद बदामी होईतो परता. दहा-बारा मिनिटं लागतात आणि चव सगळी तिथेच येते. कोंबडीची हाडं, कांदा, लसूण आधी भाजून मग उकळून काढलेलं ७०० मिली पाणी थोडं थोडं घाला. मिरी, चमचाभर सोया सॉस, आणि शेवटी चमचाभर माडाच्या सुरेचं व्हिनेगर. त्या आंबटपणाशिवाय लोणी आणि चीज जिभेवर जड बसतं. श्रावणात आमच्याकडे हाडांच्या जागी करपवलेला कांदा, टोमॅटो आणि मशरूम येतात, आणि खरं सांगते, तो रस्साही मला तितकाच आवडतो.

बटाटे जुने घ्या. नवे पाणीदार असतात. शीतगृहातल्या बटाट्यांत साखर वाढलेली असते, ते आत शिजायच्या आधी काळे पडतात, म्हणून दुकानदाराला विचारून घ्या. एक सेंटीमीटर जाड कापून तासभर पाण्यात ठेवा, मग पंख्याखाली पूर्ण कोरडे करा. पहिली तळणी १६० अंशांवर सहा मिनिटं, रंग न येता. अर्धा तास निववा. दुसरी १९० अंशांवर दोन-तीन मिनिटं. आपलं घाण्याचं खोबरेल इथे वापरू नये, ते १९० च्या आधीच धुरकटतं. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल घ्या.

आता वरचं. क्वेबेकमध्ये कोंबडी आणि मटार घातलेल्या पुटीनला गाल्वोद म्हणतात. ते मुलांसाठी उत्तम. आमच्या घरात पहिला मान चोरीसचा, म्हणजे गोव्याच्या मसालेदार डुकराच्या सॉसेजचा. म्हापशाच्या बाजारातून माळ आणावी, मणी फोडून आतलं मांस कांद्याबरोबर थोड्या पाण्यात शिजवावं आणि सुटलेलं लाल तेल बरंचसं काढून ठेवावं. चोरीस खारट, म्हणून त्या दिवशी रस्स्यात मीठ नाही. चोरीसची आणि बटाट्याची गोव्यात जुनी दोस्ती आहे, तिथे काही शंका नको. काफ्रियालच्या, म्हणजे हिरव्या मसाल्यात मुरवलेल्या कोंबडीचे सुके तुकडेही छान लागतात, वर लिंबू पिळावं. शागुती मात्र मी घालत नाही. भाजलेलं खोबरं आणि चीज एकमेकांची चव दाबतात. पावसात अळमी, म्हणजे रानातलं मशरूम, मिळाली तर ती लोण्यात नुसती परतून घालावी, पण ती महाग आणि रानातून सरसकट उपटली जाणारी, म्हणून मी बहुतेकदा साधं मशरूमच आणते. व्हिनेगरमध्ये मुरवलेला कांदा कशाहीबरोबर चालतो.

एक नियम पाळा: वरचं एकच, आणि मूठभर. दोन प्रकार घातले की रस्सा हरवतो.

बशी गरम करा. अर्धे बटाटे, अर्धं चीज, पुन्हा बटाटे, चीज, मग चोरीस, आणि खळखळता रस्सा पळीने वरून. सगळ्यांना टेबलाशी बसवूनच ओता, दहा मिनिटांत संपलं पाहिजे. रस्सा उरला तर फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो आणि दुसऱ्या दिवशी पावाबरोबर संपतो.