हार्मोन उपचार चालू असताना पीएसए वाढला तर काय तपासावे

प्रोस्टेटच्या कर्करोगात ल्युप्रोलाइडसारखे टेस्टोस्टेरॉन (पुरुष हार्मोन) दाबणारे इंजेक्शन चालू असूनही पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारे, आजाराचा अंदाज देणारे प्रथिन) वाढला, म्हणून औषध निकामी झाले असे लगेच धरू नका. आधी टेस्टोस्टेरॉन तपासा. ते प्रति डेसिलिटर ५० नॅनोग्रॅमच्या खाली हवे. वर असेल तर इंजेक्शनची तारीख चुकली का ते बघा. ही चूक सुधारता येते, आणि नेमकी तीच तपासायची राहून जाते.

टेस्टोस्टेरॉन खाली असूनही पीएसए आठवड्याच्या अंतराने सलग तीनदा वाढला, त्यातल्या दोन वाढी नीचांकाच्या (उपचारात गाठलेल्या सर्वांत कमी आकड्याच्या) ५० टक्के वर आणि आकडा प्रति मिलिलिटर २ नॅनोग्रॅमच्या पुढे, तर प्रतिरोध, म्हणजे कर्करोग हार्मोन दाबूनही वाढतो आहे, असे मानतात.

हे घडते कसे? पेशी अँड्रोजन रिसेप्टर (पुरुष हार्मोन पकडणारी प्रथिने) भरमसाट वाढवतात, मग चिमूटभर हार्मोनही पुरते. काही गाठी मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतून आलेल्या कच्च्या मालापासून स्वतःच हार्मोन बनवतात. अबिराटेरॉन हे औषध ती वाट अडवते. रिसेप्टरच्या एआर-व्ही७ या बदललेल्या रूपात मात्र हार्मोन धरणारा भागच नसतो. एन्झाल्युटमाइड हे रिसेप्टर अडवणारे औषध त्याच भागाला चिकटते, त्यामुळे त्याला पकडच मिळत नाही.

बायकॅल्युटमाइड ही रिसेप्टर अडवणारी गोळी चालू असल्यास डॉक्टर ती थांबवून साधारण ६ आठवडे पीएसए बघतात, कारण बदललेला रिसेप्टर कधी कधी त्या गोळीलाच हार्मोन समजतो. मूळ इंजेक्शन मात्र बंद करायचे नाही. याच टप्प्यावर बीआरसीए (डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या) जनुकांची तपासणी मागून घ्या. दोष सापडला तर ओलापॅरिब या औषधाचा पर्याय खुला होतो.