पसारा आवरताय? या चुका टाळा

"या रविवारी घर रिकामं करून टाकणार" असं कोणी म्हणालं की मला धडकीच भरते. दहा वर्षांत साठलेलं एका दुपारी निघत नसतं. पहिले दोन तास एकेक वस्तू हातात घेऊन नीट विचार होतो. मग कंटाळा येतो, आणि उरलेलं एकतर सगळं पिशवीत जातं नाहीतर सगळं परत कपाटात.

मी पहिल्या प्रकारातला. माझ्याकडे वायरींचं एक खोकं होतं. "कशाची आहे ते आठवत नाही ना, मग भंगारात" असा झटपट नियम लावून अख्खं खोकं देऊन टाकलं. तीन महिन्यांनी जुने फोटो हवे झाले. ते होते साडेतीन इंची एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. हिला मात्र वेगळा 12 व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि तो खोक्यासोबत गेलेला. घरात सापडला तो दुसरा लावला. पिन चपखल बसली, पण तो निघाला लॅपटॉपचा, 19 व्होल्टचा. चट्‌कन आवाज, जळका वास, डिस्क गप्प. दुरुस्तीवाल्याने बोर्डावरचा एवढासा डायोड दाखवला. जादा व्होल्टेज स्वतःवर घेऊन तो गेला, म्हणून फोटो वाचले.

तेव्हापासून वस्तू घरात आली की त्याच दिवशी तिच्या अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून नाव लिहितो. दोन मिनिटांचं काम, पण उत्साही नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो. त्यांना 'आधी-नंतर'चे फोटो हवे असतात.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे आधी डबे विकत आणणं. पारदर्शक डबे, खणांचे ट्रे, सुबक लेबलं. रिकामा डबा घरात आला की तो भरतोच, आणि आतलं पुन्हा कोणी बघत नाही. पसारा तेवढाच, फक्त त्याला झाकण आलं. मी निम्मं सामान निघेपर्यंत बुटांच्या खोक्यांवर भागवतो. बहुतेक वेळा नंतर डबे लागतच नाहीत.

"टाकू का?" हा प्रश्नच चुकीचा. 1990 साली काहनमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी प्रयोगात काही जणांना कॉफीचे मग दिले. आपला मग विकायला त्यांनी सांगितलेली किंमत, मग न मिळालेले जेवढे पैसे मोजायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट होती. हातात असलेलं उगाच मौल्यवान वाटतं. म्हणून मी विचारतो, ही वस्तू माझी नसती तर आज विकत घेतली असती का?

साधं राहायचं म्हणून नवं 'साधं' फर्निचर घेऊ नका. 18व्या शतकातल्या फ्रेंच लेखक दिदरोला एक उंची झगा मिळाला. त्यापुढे जुनं सामान दरिद्री दिसायला लागलं आणि त्याने एकेक करत सगळं बदललं. नंतर पस्तावला.

थर्मल कागदाच्या पावत्या नुसत्या जपू नका, अक्षरं उडतात, फोटो काढा. फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, पेट घेते. आणि घरातल्या दुसऱ्याच्या वस्तूंना त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका, अगदी "कचराच तर होता" असं वाटलं तरी.

राहिली 'कोणाला तरी देऊ' म्हणून दाराशी ठेवलेली पिशवी. तिच्यावर तारीख घाला. माझ्या दाराशी आत्ता जी आहे, तिच्यावर गेल्या मार्चची आहे.