वही शिवा, तलावावर जा, पळसाचा रंग काढा: नागपुरात तीन छंद एकत्र कसे जमवायचे

चित्रकलेचा क्लास, ट्रेकिंगचा ग्रुप, हस्तकलेचं सामान असं सगळं एकदम सुरू केलं की महिन्याभरात दोन तरी सुटतात, हे मी खूप जणांचं बघितलंय. म्हणून माझं म्हणणं असं की तीन वेगळे छंद धरूच नका, एकाला दुसरा बांधा: वही स्वतः शिवा, तिच्यात तलावावरचे पक्षी काढा अन् रंग पळसाच्या फुलांचा भरा. आपल्या नागपुरात तर ते फार सहज जमतं, तलाव आहेत, पळस आहे, अन् नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी बाहेर पडावंसं वाटेल अशी थंडी पण असते.

सुरुवात वहीपासून. विकतची नको, स्वतः शिवा. १४० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद घ्या, ए४ चे ६ कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडा म्हणजे दोन्ही बाजू धरून २४ पानं होतात. वरून जुन्या कॅलेंडरचं जाड पान कव्हर म्हणून लावा. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मधे, बाकी दोन वरच्या-खालच्या कडेपासून साधारण दीड इंचावर. जाड दोरा मेणबत्तीवर घासून घ्या, गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा (बोटभर दोरा आत सोडून ठेवा), वरच्या भोकातून आत या, आतल्या आत सरळ खालच्या भोकापर्यंत जाऊन बाहेर पडा, अन् शेवटी मधल्या भोकातून परत आत. आता दोऱ्याची दोन्ही टोकं त्या आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन घट्ट गाठ मारा. झाली वही. दोरा ओढताना घडीच्या दिशेने ओढायचा, घडीला काटकोनात ओढला की कागद फाटतो.

मग रविवारी सकाळी सात वाजता फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावावर पक्षी बघायला जा. दुर्बीण असेल तर ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) छान, नसेल तरी अडत नाही. पहिल्याच दिवशी पंधरा पक्षी ओळखायला जाऊ नका, एकच पकडा. वारकरी सोपा, काळा पक्षी अन् कपाळ पांढरं, टिळा लावल्यासारखं. पाणकावळा तर चित्र काढणाऱ्यासाठी देवाने पाठवलाय असं मला वाटतं, त्याचे पंख पाण्यात भिजतात म्हणून बाहेर येऊन ते पसरून वाळवत बसतो, तुम्हाला तेवढा वेळ मिळतो. टिबुकलीचं उलटं, बुडी मारते अन् भलतीकडेच वर येते.

काढायचं कसं, तर आधी फक्त पाठीची अन् मानेची रेघ, दोन मिनिटांत, खोडरबर न वापरता. डोळे-पिसं नंतर. शेजारी तारीख, वेळ, तलावाचं नाव अन् पक्षी काय करत होता ते लिहा. फोटो काढून घरी जाऊन बघून काढू हा विचार सोडा, फोटोत पक्षी थांबलेला असतो अन् तुम्हाला तर त्याची हालचाल पाहिजे. नंतर तर्री पोहे खाताना बाकीचं आठवून भरा, तेव्हा हात मोकळा झालेला असतो.

फेब्रुवारी संपता संपता पळस फुलतो, रामटेककडे जाताना दिसेलच. फांद्या तोडायच्या नाहीत, खाली पडलेली फुलं भरपूर असतात. दोन मुठी फुलं दोन कप पाण्यात मंद आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत उकळा, गाळा अन् दोन वाट्यांत वाटून घ्या. एकीत चिमूटभर तुरटी टाका, पिवळा रंग मिळतो. दुसरीत किंचित धुण्याचा सोडा टाका, तो नारिंगीकडे जातो. हा रंग ब्रशने वहीत भरा, एक थर वाळला की दुसरा द्या, पहिल्या हाताला फिकाच दिसतो. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस ठेवता येतो, पुढे बुरशी धरते म्हणून थोडाच करा अन् उरलेली फुलं सावलीत वाळवून डब्यात ठेवा. चित्र मात्र भिंतीवर उन्हात लावू नका, रंग उडतो, मिटलेल्या वहीत जास्त टिकतो.

एप्रिल-मे मधे आपल्याकडचं ऊन माहितीच आहे, तेव्हा तलावावर जाणं बंद. गॅलरीत सावलीत मातीचं पसरट भांडं ठेवा, पाणी रोज बदला, बुलबुल अन् साळुंक्या येऊन बसल्या की खिडकीच्या आतूनच वही उघडा.