वापसा येईपर्यंत : लाल चेंडूसमोर सलामीला उभे राहताना

परभणी, हिंगोली किंवा बीडकडचा मुलगा जिल्ह्याच्या संघातून दोन-तीन दिवसांच्या, लाल चेंडूच्या सामन्यात सलामीला जातो, तेव्हा त्याच्याकडे फटक्यांची वानवा सहसा नसते. सिमेंटच्या पट्टीवर, टेनिस चेंडूवर तो वाढलेला असतो; तिथे आठ षटकांच्या सामन्यात सोडलेला चेंडू म्हणजे वाया घालवलेला चेंडू, आणि तो सोडणाऱ्याला कट्ट्यावर बसलेले चौघे नावे ठेवतात. लाल चेंडूसमोर नेमकी हीच सवय मोडावी लागते. मृगाची पहिली सर पडली म्हणून रानात लगेच तिफण घालत नाहीत, वापसा येईपर्यंत, म्हणजे जमिनीतली ओल पेरणीजोगी होईपर्यंत, थांबतात, हे आपल्या भागात कोणाला शिकवावे लागत नाही. सलामीवीराचा पहिला तास तसाच असतो. फरक इतकाच, की घाई नडली तर शेतकऱ्याला दुबार पेरणी तरी करता येते.

सुरुवात गार्डपासून, म्हणजे यष्टींसमोर उभे राहण्याच्या खुणेपासून करावी. पंचांकडून मधल्या यष्टीची रेषा मागून घ्यावी आणि गोलंदाज चेंडू सोडण्याच्या बेतात असताना मागचा पाय किंचित मागे व ऑफ यष्टीकडे, म्हणजे बॅटच्या बाजूच्या यष्टीकडे न्यावा, म्हणजे डोके साधारण ऑफ यष्टीच्या रेषेवर येते. मग जो चेंडू डोळ्यांच्या रेषेबाहेरून सरळ किंवा बाहेर वळत जातो, तो यष्टीवर येणार नाही, एवढा हिशेब पक्का होतो. सलामीच्या तंत्राचा निम्मा भाग इथेच आहे, असे माझे मत आहे, कारण आपली ऑफ यष्टी कुठे आहे हे ज्याला माहीत नाही, तो संयमी असला तरी बाद होतो, फक्त थोडा उशिरा. आपले डोके खरोखर कुठे येते हे स्वतःला कळत नाही. सरावाच्या वेळी गोलंदाजाच्या बाजूच्या यष्टीमागे विटेवर मोबाइल उभा करून चित्रण घ्यावे आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी ते थांबवून पाहावे. बहुतेक मुलांचे डोके लेग यष्टीकडे, म्हणजे पायांच्या बाजूच्या यष्टीकडे कललेले दिसते, आणि मग बाहेरचा चेंडू त्यांना अंगावर आल्यासारखा का वाटतो, याचा उलगडा होतो.

चेंडू सोडण्याचा सराव वेगळा करावा लागतो. तो फलंदाजीच्या सरावात आपोआप होत नाही. आम्ही नेटमध्ये ऑफ यष्टीच्या बाहेर वीतभर अंतरावर एक जुना बूट ठेवतो. बुटाच्या बाहेर पडणाऱ्या चेंडूला बॅट लावायची नाही आणि चेंडू टप्पा पडेपर्यंत ‘सोड’ किंवा ‘खेळ’ असे मोठ्याने म्हणायचे. तीस चेंडू पूर्ण करायचे; बाहेरच्या एकाला जरी बॅट लागली, तरी मोजणी पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी तोंड ‘सोड’ म्हणत असते आणि हात तरीही चेंडूकडे धावलेले असतात. मागच्या थंडीत एक मुलगा सव्वीसाव्या चेंडूला चुकला, बॅट आपटून बाहेर गेला, पाणी पिऊन परत आला आणि न बोलता पुन्हा एकपासून उभा राहिला. त्या दिवशी मी त्याचे नाव सलामीसाठी लिहिले. सोडतानाही हात शरीराजवळ ठेवून बॅट चेंडूच्या रेषेतून पूर्ण बाजूला घ्यावी, मागे लोंबकळत ठेवू नये, आणि चेंडू यष्टीरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये जाईपर्यंत नजर काढू नये. खेळपट्टीवर चेंडू किती उसळतो आणि टप्प्यानंतर किती वळतो, हे सोडलेला चेंडूच फुकटात शिकवतो.

मात्र कोणता चेंडू सोडायचा, हे मातीवर ठरते. चांगल्या उसळीच्या खेळपट्टीवर आखूड टप्प्याचा सरळ चेंडूही यष्टीवरून जाईल असे धरून सोडता येतो. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या, रोलर मोजकाच फिरलेल्या खेळपट्टीवर तसे धरू नये. तिथे फक्त दिशा पाहून सोडावे, उंचीवर भरवसा ठेवू नये. हे मी स्वतःच्या अंगावर शिकलो आहे. जिल्हा संघाच्या एका सामन्यात आखूड टप्प्याच्या चेंडूला मी ऐटीत बॅट वर उचलली, चेंडू घोट्याच्या उंचीने सरपटत आला आणि ऑफ यष्टी मुळापासून उखडली. पंचांना बोटही उचलावे लागले नाही. मॅट अंथरलेल्या खेळपट्टीवर याच्या उलट होते: चेंडू जास्त उसळतो, म्हणून पुढे झेपावण्यापेक्षा मागच्या पायावर राहून हात खाली ठेवणे बरे.

आत येणाऱ्या चेंडूबाबत नियमही ध्यानात ठेवावा. फटका खेळण्याचा खरा प्रयत्न केला असेल आणि चेंडू ऑफ यष्टीच्या रेषेबाहेर पॅडवर लागला, तर फलंदाज पायचीत होत नाही. पण फटकाच खेळला नसेल, तर त्या रेषेबाहेर लागूनही तो पायचीत ठरू शकतो. म्हणून इनस्विंग टाकणाऱ्यासमोर नुसते पॅड पुढे करून सोडण्याची सवय धोक्याची आहे. गोलंदाज धावत येताना चेंडूची चकचकीत बाजू शोधावी: नवा चेंडू साधारणपणे चकाकीच्या विरुद्ध दिशेला वळतो, म्हणजे उजव्या हाताच्या फलंदाजाला चकाकी आपल्या लेगच्या बाजूला दिसली, तर चेंडू बाहेर जाणार असे समजावे. चांगले गोलंदाज ही बाजू हाताआड लपवतात. तेव्हा अंदाज बांधत न बसता चेंडू उशिरा, डोळ्यांखाली खेळावा. खालच्या हाताची पकड अंगठा आणि दोन बोटांपुरती सैल ठेवली, तर कड लागलेला चेंडूही बहुधा स्लिपमधल्या क्षेत्ररक्षकाच्या अलीकडे पडतो.

हे सगळे मोठ्या सामन्यात कसे दिसते, ते पाहायला फार लांबचे नाव शोधावे लागत नाही. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर २००२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या हेडिंग्लीला कसोटीत सलामीला उतरला. आभाळ भरून आले असतानाही भारताने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली होती, आणि समोर इंग्लंडचे वेगवान गोलंदाज हॉगार्ड, कॅडिक आणि फ्लिंटॉफ होते. सेहवाग ८ धावांवर परतला. त्यानंतर बांगरने २३६ चेंडूंत ६८ धावा केल्या आणि द्रविडबरोबर १७० धावांची भागीदारी केली. द्रविडने १४८, पुढे तेंडुलकरने १९३ आणि गांगुलीने १२८ धावा काढल्या, भारताने ८ बाद ६२८ वर डाव सोडला आणि सामना एक डाव व ४६ धावांनी जिंकला. लोकांना ती तीन शतके आठवतात, आणि त्यात गैर काही नाही. पण सलामीला जाणाऱ्याने त्या २३६ चेंडूंकडे पाहावे, कारण मधल्या फळीला चेंडू जुना आणि गोलंदाज दमलेले मिळाले, ते त्या चेंडूंमुळे. (आपल्या भागातला आणखी एक सलामीवीर सांगायचा, तर औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी. २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध विजयासाठी ५ धावा हव्या असताना त्याला सलामीला धाडले आणि त्या पाचही त्याने काढल्या. त्यातून तंत्र शिकता येत नाही, पण गोष्ट सांगण्यासारखी आहे.)

उसळत्या चेंडूसाठी आधी एक निर्णय घरूनच करून जावा: पहिल्या तासात हूक, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या चेंडूला लेगकडे आडवा फटका, मारायचा नाही. चेंडूवरची नजर न हटवता खाली वाकावे किंवा मान मागे घेऊन तो नाकासमोरून जाऊ द्यावा; डोळे मिटून पाठ फिरवणारा हमखास मार खातो. २०२१ मध्ये ब्रिस्बेनला पुजाराने ३२८ धावांच्या पाठलागात २११ चेंडूंत ५६ धावा केल्या आणि कितीतरी चेंडू अंगावर झेलले. त्याचे धैर्य घ्यावे, पण चार जणांत एक हेल्मेट वाटून घेणाऱ्या संघाने अंगावर चेंडू घेण्याची नक्कल करू नये. मापाचे हेल्मेट, मांडीचे पॅड आणि छातीचे पॅड स्वतःचे असावे, बॅट हलकी चालेल.

संयम म्हणजे खांबासारखे उभे राहणे, असा समज करून घेऊ नये. एकच फलंदाज एकाच गोलंदाजाची सलग चार निर्धाव षटके खेळला, की गोलंदाजाचा टप्पा जमून जातो. पायावर येणारा चेंडू मिडविकेटकडे ढकलून एकेरी धाव घ्यावी, जोडीदाराला हाकेची सवय लावावी, आणि एक डावखुरा असेल तर टोक वारंवार बदलावे, म्हणजे गोलंदाजाला दर वेळी दिशा नव्याने शोधावी लागते. धावफलकाऐवजी षटके मोजावीत. पाच-पाच षटकांचे टप्पे केले, की सकाळचे सत्र आवाक्यात वाटते. दवाने ओली असलेली खेळपट्टी उन्हाने सुकली आणि वेगवान गोलंदाज दुसऱ्या स्पेलला आला, की तोच आउटस्विंग टाकण्यासाठी त्याला टप्पा अधिक पुढे आणावा लागतो. वापसा आला तो इथे, आणि सरळ बॅटचा ड्राइव्ह इथून सुरू करावा, त्याआधी नाही.

फिरकी लवकर आली, तर हात आणखी मऊ करावे लागतात. १९८७ मध्ये बेंगळुरूला, आपल्या शेवटच्या कसोटीत, गावसकरांनी २२१ धावांच्या पाठलागात, चेंडू हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर ९६ धावा केल्या. भारत १६ धावांनी हरला, तरी वळलेल्या चेंडूमागे बॅट न नेता तो चुकू द्यावा, हे त्या डावाइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते.

आणि डाव लांबला, तर ८० षटकांनंतर क्षेत्ररक्षण करणारा कर्णधार नवा चेंडू मागू शकतो. त्या वेळी आपण सत्तरवर असू किंवा शंभरावर; पंचांकडून मधल्या यष्टीची रेषा पुन्हा मागून घ्यावी, बुटाच्या टोकाने खूण नव्याने कोरावी आणि बाहेरचा पहिला चेंडू सोडून द्यावा.