पुणे–गोवा ईव्हीने: फास्ट चार्जरवर किती थांबायचं?

पुण्याहून कोल्हापूर–आंबोलीमार्गे पणजी साधारण ४५० किलोमीटर. ४० युनिटची बॅटरी हायवेला ९० च्या वेगात २५० किलोमीटरच्या आसपास चालते. घरून फुल करून निघालात तरी वाटेत दोनदा थांबावं लागणार, हे धरूनच चला.

पहिला थांबा कराडच्या जरा पुढे घ्या. बॅटरी २०-३० टक्क्यांवर असताना गन (चार्जरच्या केबलचं गाडीत लावायचं टोक) लावायची आणि ८० ला काढायची. ५० किलोवॅट घेणाऱ्या गाडीत २० ते ८० म्हणजे २४ युनिट अर्ध्या-पाऊण तासात भरतात. उरलेल्या ८ युनिटना जवळपास तेवढाच वेळ लागू शकतो, कारण सेल भरत आले की बीएमएस (बॅटरी सांभाळणारी गाडीतली यंत्रणा) करंट कमी करत जातं. मागे कोणी ताटकळत असेल तर ८० नंतर गन अडवून ठेवणं शुद्ध आडमुठेपणा.

कोल्हापूर–निपाणीला मात्र हा नियम मोडा आणि ९० पर्यंत भरा. महामार्ग सोडून आंबोलीकडे वळलं की चार्जर विरळ होतात. पुढचा चार्जर बंद निघाला तरी त्याच्या पुढच्यापर्यंत पोहोचता येईल एवढं चार्ज हाताशी हवं. ॲपवर ‘उपलब्ध’ दिसतं म्हणून विसंबू नका. शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा, नाहीतर फोन करून विचारा.

६० किलोवॅटच्या चार्जरला दोन गन असतील आणि दोन्ही चालू असतील, तर बहुतेक ठिकाणी प्रत्येकी ३० च मिळतात. मे महिन्यात भर दुपारी घाट चढून लगेच गन लावली तरी वेग पडतो. बॅटरी तापलेली असते. चार्जर येण्याआधीचे शेवटचे १५-२० किलोमीटर सबुरीने चालवा.

गन लावूनही चार्जिंग सुरू होत नसेल तर बहुधा जड केबलच्या ओढीने गन तिरकी बसलेली असते. सेशन बंद करा, गन काढा, गाडी लॉक करून मिनिटभर थांबा. मग गन खालून हाताने उचलून धरत पुन्हा लावा आणि लॉकचा ‘खट्’ आवाज येईपर्यंत सोडू नका. कोकणातल्या पावसात गनच्या तोंडात पाणी गेलं की इन्सुलेशनचा एरर येतो. अशी गन लावूच नका, दुसरी बघा. ॲपच्या वॉलेटमध्ये आधीच पैसे भरा, घाटात नेटवर्क दगा देतं.

आंबोलीत मुक्काम असेल तर १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभरात २५ युनिट सहज येतात, फक्त अर्थिंग नीट हवं. तिथे ९० वर थांबवा. १०० टक्के भरून सावंतवाडीकडे उतरलात तर रिजन (वेग कमी करताना मोटरने बॅटरी भरणं) जवळपास बंद राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. परतीच्या चढाला मात्र नेहमीपेक्षा ३-४ युनिट जादा लागतात, ती सावंतवाडी सोडण्याआधीच हिशेबात धरा.